प्लेट कामून जळाली?

गेले दोन वीकेंड मी एका भलत्याच नादात घालवलेत. ड्रॅग रेसच्या गाड्यांचे जळालेले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दाखवणारे अमेरिकन मेकॅनिक यूट्यूबवर असतात, त्यांचे व्हिडिओ बघत बसायचं. बायको म्हणते, "स्वतःच्या गाडीचं स्टेपनी बदलायला माणूस बोलावतोस आणि हे काय बघतोस?" मुद्दा बिनतोड आहे. :-) पण एकदा बघायला लागलं की सुटत नाही हे खरं.

ज्यांना ड्रॅग रेस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सरळसोट रस्ता, पाव मैल म्हणजे साधारण ४०२ मीटर, शेजारी शेजारी दोन गाड्या. जो आधी पोचला तो जिंकला. वळण नाही, डावपेच नाहीत, निव्वळ ताकद. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. अमेरिकेत यातल्या कितीतरी गाड्यांना अजून जुन्या धाटणीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतात. शेवरोलेचा 'पॉवरग्लाइड' हा त्यातला लाडका. १९५० साली आला, १९७३ साली बंद झाला, गिअर दोनच. पण ड्रॅगवाल्यांनी त्याला आजतागायत मरू दिलेलं नाही.

या गिअरबॉक्समध्ये क्लचचं पेडल नसतं, पण क्लच असतात. एक नाही, गड्ड्याच असतात. एक स्टीलची चकती, एक घर्षणाचं अस्तर लावलेली चकती, पुन्हा स्टीलची, पुन्हा अस्तराची... अशी चळत तेलात बुडालेली. तेलाच्या दाबाने एक पिस्टन पुढे येतो, चळत घट्ट दाबतो आणि चकत्या एकजीव होऊन फिरायला लागतात. दाब कमी पडला की चकत्या एकमेकींवर घासतात, तापतात आणि जळतात. तेल काळं पडतं, करपल्याचा वास येतो, खालच्या तबकात काळी भुकटी साठते.

आता गंमत इथे आहे. नवशिका मेकॅनिक काय करतो? नव्या चकत्या मागवतो, घालतो, बिल फाडतो. मुरलेला माणूस असं करत नाही. तो आधी बघतो की जळालेली चळत कुठली. प्रत्येक चळत ठरावीक गिअरचं काम करते, त्यामुळे कुठली जळाली एवढ्यावरूनच निम्मे संशयित सुटतात. मग त्या चळतीच्या तेलवाटेत कॉम्प्रेसरची हवा सोडतो. 'ठप्प' असा दमदार आवाज आला तर पिस्टन नीट सरकतोय. नुसता 'फुस्स' आला तर सील फाटलंय. मग दाब मोजतो, चकत्यांमधली फट मोजतो. फट फार कमी असेल तर क्लच सुटल्यावरही चकत्या घासत राहतात. हे सगळं झाल्याशिवाय तो नवीन चकतीला हात लावत नाही. कारण मूळ दुखणं तसंच राहिलं तर नव्या चकत्याही त्याच वाटेने जाणार.

हे बघताना मला राहून राहून पाटोद्याच्या एका मिस्त्रीची आठवण येत होती. तो माणूस ड्रॅग रेस कधी बघणार नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याने उघडलेला नाही. तो ट्रॅक्टरवाला. पण पद्धत तंतोतंत हीच.

पाटोदा म्हणजे बीड जिल्ह्यातला, बालाघाटाच्या डोंगरातला आमचा तालुका. बीडहून मांजरसुंबामार्गे जामखेडकडे जाताना लागतो. मांजरा नदी आमच्या तालुक्यात उगम पावते, सौताड्याचा धबधबाही आमचाच. म्हणून पाणी भरपूर असेल असं समजू नका. नदी आमच्याकडे जन्म घेते आणि लगोलग सासरी जाते. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला बाहेर पडतात ती मार्च-एप्रिलपर्यंत. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. असे कोयते मिळून टोळी, टोळीचा मुकादम आणि सीझनच्या आधी हातात पडणारी 'उचल'. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, जे पुढचे पाच-सहा महिने अंगमेहनतीने फेडायचे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो कारखान्याशी वाहतुकीचा करार करतो, टोळी घेऊन जातो, ड्रायव्हर ठेवतो. ड्रायव्हरलाही उचल असतेच. माझे मामा हे असे ट्रॅक्टरमालक.

उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आणि ड्रॅगची गाडी यांत साम्य काय? एक ४०२ मीटर काही सेकंदांत कापते, दुसरा तेवढ्या अंतरात चहा पिऊन होईल इतका वेळ घेतो. पण क्लचच्या दृष्टीने दोघांचा प्रश्न एकच: इंजिन फिरतंय, चाकं थांबलेली आहेत आणि या दोघांची गाठ घालून द्यायची आहे. गाठ पडेपर्यंत क्लच घसरणार आणि घसरला की तापणार.

किती तापणार? जरा हिशेब करू (इंजिनिअरचा ब्लॉग आहे, एवढं सहन करा). क्लचमधून १०० न्यूटन-मीटर टॉर्क जातोय आणि दोन बाजूंच्या वेगात साधारण ९५५ आरपीएमचा फरक आहे असं धरा. म्हणजे क्लचमध्ये १० किलोवॅट उष्णता तयार होतेय. पाणी तापवायचे १००० वॉटचे दहा हीटर, तेही एका जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत, एकाच वेळी चालू! दोन-तीन सेकंद ठीक आहे. अर्धा मिनिट हाफ क्लचवर धरलात तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची. उभी गाडी चालू करताना इंजिनाचा वेग कायम ठेवला तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. अर्धी-अर्धी वाटणी! आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, ऊस सगळं मिळून २० टन धरू. ताशी ५ किलोमीटरच्या गिअरमध्ये उचललं तर क्लचमध्ये सुमारे १९ किलोज्यूल जळतात. ताशी १० किलोमीटरच्या गिअरमध्ये उचललं तर ७७. वेग दुप्पट, उष्णता चौपट. हे सपाट डांबरी रस्त्यावर. फडातला चिखल आणि चढ यांचा हिशेब वेगळा. म्हणून जुने ड्रायव्हर भरलेली गाडी नेहमी सगळ्यात खालच्या गिअरमध्ये उचलतात. त्यांनी वर्ग-बिर्ग काही शिकलेला नसतो, पण क्लचप्लेटची किंमत माहीत असते.

(जाता जाता: तुमच्यापैकी ज्यांच्याकडे एएमटी गाडी आहे त्यांनी कान टवकारा. एएमटीमध्ये क्लच साधाच, आपल्या मॅन्युअलसारखा कोरडा असतो, फक्त पायाऐवजी यंत्र दाबतं. चढावर सिग्नलला ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत तर वरचे दहा हीटर तुमच्या गाडीत चालू असतात. ब्रेक दाबा, पुण्य लागेल.)

तर आता मामांच्या ट्रॅक्टरची गोष्ट.

त्या सीझनला ट्रॅक्टर अहमदनगर जिल्ह्यात (आताचं अहिल्यानगर) ऊस ओढत होता. डिसेंबरात क्लचप्लेट जळाली. तिथल्याच एका गॅरेजने नवी टाकली. चाळीस दिवस झाले नाहीत तर संक्रांतीच्या सुमाराला तीही जळाली. मी सुट्टीला पाटोद्यात होतो. मामांचा निकाल फोनवरच लागला होता: "पोरगं हाफ क्लच मारतंय. दुसरं काय?"

वरवर बघितलं तर संशय रास्त होता. कारखान्यावर वजनकाट्याच्या आधी ट्रॅक्टरांची लांबलचक रांग असते. नंबर हातभर पुढे सरकला की गाडी हातभर पुढे घ्यायची, पुन्हा थांबायचं. रात्रभर. झोपेला आलेला ड्रायव्हर पेडलवर पाय तसाच ठेवतो. प्लेट जाळायची यापेक्षा सोपी रीत नाही. आणि ड्रायव्हर होता बावीस वर्षांचा, दुसराच सीझन. मामांच्या खिशातल्या डायरीत पहिल्या प्लेटचे आणि बुडलेल्या खेपांचे पैसे त्याच्या नावावर आधीच मांडले होते. दुसऱ्या प्लेटचे मांडायचे बाकी होते, म्हणजे त्याचा जवळजवळ अख्खा सीझन फुकट जाणार होता.

शिवाय ट्रॅक्टर उभा म्हणजे टोळी बसून. तोडलेला ऊस फडात पडून वाळतो, वजन घटतं, उताराही उतरतो. शेतकरी ओरडतो, मुकादम ओरडतो. प्रत्येकाला एक माणूस हवा असतो ज्याच्यावर ओरडता येईल, आणि ड्रायव्हर हाताशी असतोच.

मामा म्हणाले, "गाडी काढ." आम्ही पाटोद्यातून मिस्त्रीला घेतलं आणि सौताडा, जामखेड करत निघालो. मिस्त्री साठीचा, मोजकं बोलणारा. रस्ताभर मामा ड्रायव्हरचे दोष सांगत होते. मिस्त्री "हां... हां..." करत खिडकीबाहेर बघत होता. जामखेडला चहा पिताना एवढंच म्हणाला, "पलेट जळाली हे समदे सांगत्यात. कामून जळाली?"

पोचल्यावर मला वाटलं आता पाने निघणार, ट्रॅक्टर उघडणार. तर हा गडी खाली उकिडवा बसला, तंबाखू मळली आणि ड्रायव्हरला बोलावून विचारपूस सुरू केली. आधी वास आला का आधी घसरली? सकाळी थंड असताना नीट ओढतो का? पेडल पूर्ण सोडल्यावर काय होतं?

पोरगं आधी घाबरलेलं होतं, मग सांगायला लागलं. पेडलवरून पाय पूर्ण काढलेला असतानाही चढाला इंजिनाचा आवाज वाढायचा, पण गाडी पळायची नाही. वास त्यानंतर चार दिवसांनी यायला लागला. सकाळी पहिली खेप बरी जायची. "म्या पाय ठिवतच न्हाई वो पेडलवर. मालकाला किती डाव सांगितलं."

हे ऐकून मी मनातल्या मनात चमकलो. पाय पूर्ण काढल्यावर क्लच घसरतोय, म्हणजे क्लचला पकडच नाही. हाफ क्लचने प्लेट जळते तेव्हा घसरण ड्रायव्हरच्या पायाखाली सुरू होते. इथे तर पाय नव्हताच! चाळीस दिवसांत हा साधा प्रश्न त्याला एकानेही विचारला नव्हता.

मग मिस्त्रीने हाताने पेडल दाबून मोकळी चाल बघितली. मोकळी चाल म्हणजे क्लच उचलायला लागण्याआधी पेडल जेवढं सहज खाली जातं तेवढं अंतर. ते नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबून राहतं आणि पाय न लावताही क्लच अर्धवट सुटलेला असतो. ती चाल व्यवस्थित होती. एक संशयित सुटला.

मग तो ट्रॅक्टरखाली शिरला. क्लचच्या कोठीच्या तळाला एक बारीक भोक असतं, त्यात एक पिन सैल लटकत असते. आत कुठून तेल झिरपलं तर या भोकातून खाली गळावं आणि चालवणाऱ्याला कळावं, एवढाच त्याचा उद्योग. पिन हलत राहते म्हणून भोक बुजत नाही. इथे फडातला चिखल थापला जाऊन वाळून दगड झाला होता आणि पिन गायब होती. मिस्त्रीने तार घालून भोक मोकळं केलं तशी काळ्या तेलाची धार लागली.

सॉफ्टवेअरवाल्यांनो, हे दृश्य ओळखीचं वाटतंय का? इशारा देणारी व्यवस्था होती, पण तीच बंद पडली होती. त्यामुळे 'एरर नाही म्हणजे सगळं ठीक' असं सगळ्यांना वाटत होतं.

मिस्त्रीने ते तेल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. क्लचच्या कोठीत तेल दोन वाटांनी येऊ शकतं: पुढून इंजिनाकडून किंवा मागून गिअरबॉक्सकडून. गिअरबॉक्सचं तेल जाड आणि उग्र वासाचं असतं. डिझेल इंजिनाचं तेल काजळीने काळंकुट्ट होतं आणि त्यामानाने पातळ असतं. "इंजनाचं हाये," तो म्हणाला. म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल सील.

त्यानंतर मग ट्रॅक्टर मधोमध सुटा केला. अर्धा दिवस गेला. प्लेट बाहेर आली ती काळी, काचेसारखी चकचकीत आणि कडेला ओशट. फ्लायव्हीलवर निळे डाग. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापलं की असा निळा रंग धरतं, म्हणजे हे डाग आतल्या तापमानाची नोंदवहीच समजा. मग मिस्त्रीने प्रेशर प्लेटची फिंगरं पुसून मामांच्या नाकासमोर धरली. पेडलवर कायम पाय ठेवणाऱ्याच्या गाडीत रिलीज बेअरिंग घासून घासून या फिंगरांची टोकं खाल्ली जातात. ही टोकं जवळजवळ नव्यासारखी होती.

मामा काही बोलले नाहीत.

मला वाटलं झालं, सील बदललं की काम संपलं. पण मिस्त्री पुन्हा तेच: सील कामून गेलं? ट्रॅक्टर काही फार जुना नव्हता. तो इंजिनाच्या ब्रीदरकडे गेला. इंजिन चालताना थोडा धूर पिस्टनच्या कडेने खाली उतरतोच. तो बाहेर पडायला एक नळी ठेवलेली असते, ती म्हणजे ब्रीदर. पाचटाचा भुसा आणि धूळ तेलात कालवून त्या नळीचा पार बूच झाला होता. वाट बंद, म्हणून आत दाब वाढला, आणि दाबाने तेल सगळ्यात नाजूक जागेतून, म्हणजे सीलमधून, बाहेर ढकललं गेलं. नुसती प्लेट बदलली असती तर ती पुन्हा तेलात भिजून जळाली असती. डिसेंबरात हेच झालं होतं. नुसतं सील बदललं असतं तर काही दिवसांनी तेही गळलं असतं. ब्रीदर साफ करायला रॉकेल आणि एक जुना ब्रश लागला.

प्लेट कामून जळाली? तेल आलं म्हणून. तेल कामून आलं? सील गळलं म्हणून. सील कामून गळलं? आत दाब वाढला म्हणून. दाब कामून वाढला? ब्रीदर तुंबला म्हणून. ब्रीदर कामून तुंबला? तो साफ करायचा असतो हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं म्हणून. मोजून पाच 'कामून'. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी पाच वेळा 'का' विचारायची पद्धत जगाला शिकवली. ती आम्हाला कंपनीत स्लाइड दाखवून, प्रमाणपत्र देऊन शिकवतात. पाटोद्यात तंबाखू मळता मळता चालते.

संध्याकाळी मामांनी डायरी काढली. दुसऱ्या प्लेटचं जे लिहिणार होते ते लिहिलं नाही. मिस्त्री हात धूत धूत शांतपणे म्हणाला, "आन् मागली, मालक?" मामांनी पान उलटलं आणि डिसेंबरच्या ओळीवर पेनाने आडवी रेघ मारली. ड्रायव्हरला कुणी सॉरी म्हटलं नाही. आमच्याकडे तशी रीत नाही. पण रात्री जेवताना मामांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. नंतर त्या सीझनला पुन्हा प्लेट बदलावी लागली नाही.

मी पुण्यात परत आलो ते डोक्यात आमच्या आरसीएचे फॉर्म घेऊनच. आरसीए म्हणजे काही बंद पडलं की 'मूळ कारण' शोधून लिहायचा कागद. असे कितीतरी कागद मी वाचलेत ज्यात मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं: 'ऑपरेटरची चूक', 'मानवी चूक'. खाली उपाय: 'संबंधिताला समज दिली.' वाचायला छान वाटतं, कारण शोध तिथे संपतो आणि सगळ्यांना घरी जाता येतं. पण खरं म्हणजे ती फक्त पहिल्या 'कामून'ची ओळ असते. रात्री तीन वाजता चुकीची कमांड दिली गेली असेल, तर ती देता कशी आली? आधी इशारा कसा मिळाला नाही? इशारा देणारं भोक चिखलाने बुजलं होतं का?

माणसाची चूक कधीच नसते असं मी म्हणत नाही. हाफ क्लच मारणारे ड्रायव्हर असतातच, आणि त्यांच्या गाडीची फिंगरं तसं सांगतातही. म्हणणं एवढंच की आधी फिंगरं बघा. आपल्याकडे फॉर्मवर चुकीचं नाव पडलं तर फार तर अप्रेझल बिघडतं. उचल घेतलेल्या पोराच्या नावावर चुकीची ओळ पडली तर ती फेडायला त्याला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच ट्रॅक्टरवर यावं लागतं, मनात असो वा नसो.

असो. आजचा शनिवार जरा तेलकट झाला. मिस्त्री अजून पाटोद्यातच आहे, अजून तेवढंच मोजकं बोलतो. यूट्यूबवरचा तो 'ठप्प' आणि 'फुस्स'चा व्हिडिओ मी मोबाइलवर उतरवून ठेवलाय. पुढच्या खेपेला गावी गेलो की त्याला दाखवणार आहे. भाषा कळणार नाही, पण आवाज नक्की कळेल. :-)